१३७ जीबीची भिंत : जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना भेटणारा इतिहास

१/ २००० सालच्या सुमाराचा एक डेस्कटॉप. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागलेला, फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागणारे. मालक ५०० जीबीची डिस्क मिळवून जोडतो. संगणक मात्र ती १३७ जीबीचीच दाखवतो. उरलेली जागा गेली कुठे? उत्तरासाठी सुमारे सत्तर वर्षे मागे जावे लागते. #थ्रेड

२/ सप्टेंबर १९५६. आयबीएमने 'रॅमॅक ३०५' हा संगणक जाहीर केला. त्याची साठवण कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन आणि क्षमता अवघी ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या हिशेबाने ४ एमबीहूनही कमी. अशा यंत्राची देखभाल हे तंत्रज्ञांचे काम होते.

३/ १९७३ मध्ये आयबीएमचीच '३३४०' आली. तिचे टोपणनाव 'विंचेस्टर'. तिच्यात तबकड्या आणि त्यांवरून फिरणारी वाचक-शीर्षे एकाच बंद पेटीत ठेवली गेली. धूळ बाहेर राहिली, विश्वासार्हता वाढली. पुढे हीच रचना सर्वत्र रुजली आणि बिघडलेली डिस्क उघडून दुरुस्त करण्याऐवजी ती आख्खी बदलण्याची रीत पडली.

४/ १९८० मध्ये सीगेटने ५ एमबीची 'एसटी-५०६' बाजारात आणली. ती सव्वापाच इंची खाचेत बसे. १९८३ मध्ये आयबीएमचा 'पीसी एक्सटी' १० एमबीच्या डिस्कसह आला. एक टनाची वस्तू आता टेबलावर मावत होती.

५/ १९८० च्या दशकाच्या मध्यास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांच्या प्रयत्नांतून 'आयडीई' जोडणी घडली. डिस्क चालवणारे नियंत्रक सर्किट डिस्कवरच बसवले गेले. ४० पिनांच्या एका चपट्या पट्टीवर दोन डिस्क चालत. म्हणून कोणती 'मास्टर' व कोणती 'स्लेव्ह' हे मागच्या बाजूच्या चिमुकल्या जंपरने ठरवावे लागे. जुन्या संगणकात नवी डिस्क 'दिसत नाही', तेव्हा प्रथम तपासायचा तो हा जंपर.

६/ आता भिंतींकडे वळू. डिस्कवरील प्रत्येक ५१२ बाइटच्या कप्प्याला, म्हणजे सेक्टरला, पत्ता लागतो. पत्ता लिहिण्यास जागा किती ठेवायची, हे अभियंते आपल्या काळाच्या गरजेनुसार ठरवत. प्रारंभीच्या बायोस व आयडीई यांच्या मर्यादा एकत्र आल्या, तेव्हा पहिली मोठी भिंत ५२८ एमबीवर उभी राहिली.

७/ ती ओलांडली गेली. पुढची भिंत आयडीईच्या पत्त्यातच दडलेली होती. हा पत्ता २८ बिटांचा. २८ बिटांत २६ कोटी ८४ लाखांहून थोडे अधिक सेक्टर मोजता येतात. त्याला ५१२ ने गुणा : १३७ जीबी. पहिल्या पोस्टमधील हरवलेली जागा हीच. डिस्क पूर्ण आहे. संगणकाची मोजणी तोकडी आहे.

८/ २००२ च्या 'एटीए-६' मानकाने पत्ता ४८ बिटांचा केला. त्याआधीच्या संगणकासमोर तीन वाटा उरतात : १३७ जीबीपेक्षा लहान डिस्क घेणे, बायोसची सुधारित आवृत्ती असल्यास ती घालणे, किंवा स्वतःचे बायोस असलेले वेगळे नियंत्रक कार्ड बसवणे. शेवटच्या दोन वाटांवर ऑपरेटिंग सिस्टिमलाही ४८ बिटांचा पत्ता कळावा लागतो. विंडोज एक्सपीला तो सर्व्हिस पॅक १ पासून नीट कळू लागला.

९/ २००३ पासून ७ पिनांची बारीक 'साटा' केबल रूढ होत गेली. तिच्यात एका केबलला एकच डिस्क, त्यामुळे मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच मिटला. मात्र जुन्या मदरबोर्डवर साटाची खाच नसते. तेथे दोन पिढ्यांमध्ये दुभाष्याचे काम करणारा अ‍ॅडॅप्टर लागतो.

१०/ मरणपंथाला लागलेली डिस्क पूर्वसूचना देते का? १९९० च्या दशकात त्यासाठीच 'स्मार्ट' ही स्वतःची प्रकृती नोंदवणारी व्यवस्था डिस्कमध्ये आली. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. तरीही बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या मोजण्यांत एकही दोष नोंदलेला नव्हता.

११/ या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. इशारा मिळाला तर थांबू नये. इशारा नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. टकटक सुरू झाल्यावर डीफ्रॅगमेंट किंवा दुरुस्तीचे प्रोग्राम चालवणे म्हणजे थकलेल्या बैलाला आणखी जुंपणे. आधी नक्कल. 'डीडीरेस्क्यू' हा मुक्त प्रोग्राम प्रथम निरोगी भाग उतरवून घेतो आणि मगच खराब सेक्टरांकडे वळतो, तो याच तत्त्वाने. आवाज फारच वाढला असेल आणि आतला ऐवज अमूल्य असेल, तर यंत्र बंद करून जाणकाराकडे सोपवावे.

१२/ महाराष्ट्रात या नकलेला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर आयएसएम, श्री-लिपी यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये टंकित होत असे. नव्या डिस्कवर केवळ फाइली नेल्या आणि फाँट मागेच राहिले, तर दिवाळी अंकाचे पान रोमन अक्षरांचा निरर्थक खच बनून उघडते. म्हणून फाँट आणि मूळ सॉफ्टवेअरही सोबत न्यावे.

१३/ जुनी डिस्क काढून नवी बसवायला चार स्क्रू आणि दोन केबल पुरतात. गावोगावच्या छापखान्यांची, संस्थांची आणि घरांची १९९० नंतरची कागदपत्रे मात्र अशाच डिस्कवर आहेत. उद्याच्या इतिहासकाराचे दफ्तर तेच. कागदाला वाळवी लागली तरी काही पाने हाती लागतात. शीर्ष तबकडीवर घासले, की पुष्कळदा पानच उरत नाही. टकटक ऐकू येण्याआधीच दुसरी प्रत काढलेली बरी.