आझाद, मौलाना अबुल कलाम
(११ नोव्हेंबर १८८८ – २२ फेब्रुवारी १९५८). इस्लामी धर्मचिंतक व काँग्रेसचे नेते. अंधानुकरण सोडून कुराणाकडे स्वतंत्र बुद्धीने पाहावे, हा त्यांचा आग्रह. परकी सत्तेशी लढणे हे मुसलमानांचे धर्मकर्तव्यच आहे, असे त्यांनी कलकत्त्याच्या ‘अल-हिलाल’ (१९१२) या उर्दू साप्ताहिकातून मांडले. ‘छोडो भारत’ ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये, काँग्रेसचे अध्यक्ष असताना, नेहरू, पटेल आदींसह त्यांना अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात डांबण्यात आले. १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी जुलेखा बेगम मरणासन्न असतानाही त्यांनी सरकारकडे सुटका मागितली नाही; हा निग्रह थक्क करणारा आहे. या किल्ल्यातच लिहिलेली, पण तेव्हा न धाडलेली पत्रे ‘गुबार-ए-खातिर’मध्ये (१९४६) आहेत. कोठडीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांवरही त्यांत जिव्हाळ्याने लिहिले आहे.