टर्बोला पाणी कशाला?

टर्बो म्हटलं की सगळे बूस्टबद्दल बोलतात. आज त्याच्या तेला-पाण्याच्या नळ्यांची गोष्ट.

1962 साली अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेअर टर्बो आली. इंजिनच एअर-कूल्ड, त्यामुळे टर्बोला मिळायचं फक्त इंजिन ऑइल. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. पंचाईत होते गाडी बंद केल्यावर. ऑइल पंप थांबतो, पण तापलेल्या टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकत राहते. आत अडकलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून तर ‘बंद करण्याआधी थोडा वेळ आयडलवर ठेवा’ ही ताकीद!

1984 च्या क्रायस्लरच्या 2.2 लिटर टर्बोत बेअरिंगजवळ कूलंटही फिरवलं. नळ्या नीट असतील तर इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढतं, त्याच्या जागी गार येतं.

पुढे अशा गाड्या भंगारात आल्या आणि तिथल्या हौशी पोरांची चांदी झाली. टर्बोसोबत कंपनीच्या नळ्याही मिळायच्या. त्या कापून-वाकवून बसवायच्या. ऑइल-प्रेशर सेन्सरच्या जागी ‘टी’ लावून तेल घ्यायचं, हीटरच्या होजमधून पाणी.

काटकसर कुठेही करा, रिटर्न लाइनवर नको. ते तेल प्रेशरने नाही, उतारानेच ऑइल पॅनमध्ये परत जातं. नळी बारीक पडली किंवा मध्येच वर चढली की तेल तुंबतं, सीलमधून सुटतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर. मग लोक टर्बो बदलतात, आणि नवाही धूर सोडतो.