छायाचित्रावरील नाममुद्रा

आपण घेतलेले छायाचित्र इंटरनेटवर लोकांपुढे ठेवताना त्यावर आपल्या नावाची मुद्रा उमटवावी की नाही, हा प्रश्न आज लग्नसमारंभ टिपणाऱ्या गावच्या छायाचित्रकारापासून रानावनांत पक्ष्यांमागे हिंडणाऱ्या हौशी माणसापर्यंत सर्वांनाच पडतो. काहींचे म्हणणे असे की, नाव न घालता चित्र बाहेर सोडणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे होय. उलट पक्षाचे म्हणणे असे की, सुंदर चित्राच्या तोंडावर नाव गोंदवून त्याचे रूप घालविण्यापेक्षा ते चोरीला गेलेले बरे. वाद नवा वाटला तरी त्याची मुळे जुनी आहेत. ती उकलून पाहिली, तर निर्णय करणे सोपे जाते.

या मुद्रेला आपण जलचिन्ह किंवा वॉटरमार्क म्हणतो. हा शब्द कागदाच्या धंद्यातून आला. इटलीतील फाब्रियानो येथील कागद करणाऱ्यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस एक युक्ती काढली. चिंध्यांचा लगदा ज्या तारेच्या चाळणीवर पसरावयाचा, त्या चाळणीवर तार वाकवून केलेली एखादी आकृती ते बसवून ठेवीत. तेवढ्या जागी लगद्याचा थर पातळ बसे आणि कागद उजेडापुढे धरला की ती आकृती दिसे. चलनी नोटेतील चिन्ह आपण असेच उजेडाकडे धरून पाहतो. या जुन्या जलचिन्हाच्या अंगी दोन गुण होते. एक, लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या ते आड येत नसे; आणि दुसरा, कागद फाडल्यावाचून ते काढता येत नसे.

आजच्या छायाचित्रावरील मुद्रेची अडचण नेमकी येथे आहे. हे दोन गुण तिला एकाच वेळी साधत नाहीत. ती लहान करून कोपऱ्यात ठेवावी, तर पाहणाऱ्याला त्रास नाही, पण कोणीही तेवढी कड कापून टाकू शकतो. ती मोठी करून मधोमध ठेवावी, तर काढणे कठीण जाते, पण चित्राचाच गळा दाबला जातो. म्हणजे प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. मुद्रेकडून आपण कोणते काम अपेक्षितो, याचा आहे.

छापील चित्रांच्या जगात हा प्रश्न प्रथम गाजला तो जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच्या संबंधात. मोठ्या ‘ए’च्या पायांमध्ये बसविलेला ‘डी’ ही त्याची नाममुद्रा सर्व युरोपभर ओळखीची झाली होती. मार्कान्तोनियो राइमोन्दी या इटालियन खोदकाराने ड्यूररची लाकडावर कोरलेली चित्रे तांब्यावर उतरवून घेतली आणि त्यांवर ही मुद्राही जशीच्या तशी कोरली. चरित्रकार वझारी सांगतो की, ड्यूररने व्हेनिसला दाद मागितली, तेव्हा त्याला एवढेच मिळाले की, मार्कान्तोनियोने त्याची मुद्रा यापुढे वापरू नये. चित्राची नक्कल करण्यास मनाई झाली नाही. नावाची नक्कल करण्यास झाली. वझारीच्या कथनात तपशिलाचे दोष असू शकतील. पण १५११ साली काढलेल्या आपल्या चित्रमालेच्या शेवटी ड्यूररने नक्कल करणाऱ्यांना सम्राट मॅक्सिमिलियनच्या सनदेच्या आधारे कडक इशारा छापला, हे मात्र निश्चित आहे. मुद्रा चोराला अडवीत नाही. उलट ती नामांकित झाली की चोर तीच आधी उचलतो, हा धडा त्या काळीच मिळाला होता.

छायाचित्रकला आली १८३९ मध्ये, आणि थोड्याच काळात ती हिंदुस्थानात पोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. या कलेने नाव घालण्याची एक नवी रीत आणली. काचेच्या निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने बारीक अक्षरात नाव लिहिले, तर त्या जागेतून प्रकाश जात नाही आणि छापील प्रतीवर अक्षरे पांढरी उमटतात. अक्षरे सुईने कोरून लिहिली, तर ती काळी उमटतात. लेप असलेल्या बाजूवर लिहावयाचे, तर ती उलटी, आरशात दिसावी तशी लिहावी लागत. एकदा लिहिली की प्रत्येक प्रतीवर ती आपोआप येत. जुन्या जलचिन्हाशी याचे नाते जवळचे आहे, कारण येथेही चिन्ह वरून चिकटविलेले नसून चित्राबरोबरच जन्मलेले आहे.

या रीतीचे आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्य शिकलेले दीनदयाळ इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तू टिपल्या. त्या चित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना मिळाला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांच्या पेढ्या नांदल्या.

त्यांच्या अनेक चित्रांच्या खालच्या कडेला निगेटिव्हवरच बारीक अक्षरांत नाव आणि क्रमांक घातलेला आढळतो. वास्तूचे शिखर, दरबारातील चेहरे, शिकारीचा देखावा यांपैकी कशालाही ती अक्षरे झाकीत नाहीत. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे आणि छापील प्रती देशोदेशींच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत. या विखुरलेल्या प्रतींना एकमेकींशी जोडणारा दुवा म्हणजे तो कडेचा क्रमांक. त्या काळी त्याचा उपयोग साधा, व्यापारी होता. गिऱ्हाइकाला दुसरी प्रत हवी असेल तर त्याने क्रमांक कळवावा, दुकानाने निगेटिव्ह काढून प्रत छापावी. अनेक पेढ्या चित्राच्या पाठच्या पुठ्ठ्यावर ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती मिळतील’ असे छापीत. नाममुद्रेचे मूळ काम कुलपाचे नव्हते. ते पत्त्याचे होते.

कुलपाचे काम तिच्याकडून अपेक्षिले कायद्याने, आणि तेही अमेरिकेत. जानेवारी १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांसाठी न्यूयॉर्कला आला असता नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराने त्याची चित्रे घेतली. त्यांपैकी एकाच्या ८५,००० शिळाछाप प्रती बरो-जाइल्स कंपनीने परवानगीवाचून काढल्या. सॅरोनीने दावा लावला. कंपनीचे दोन बचाव होते. पहिला असा की, छायाचित्र हे यंत्राचे काम, त्याला कर्ता कोठला? दुसरा असा की, कायद्याप्रमाणे चित्रावर धन्याचे नाव हवे, आणि येथे आडनावामागे केवळ ‘एन.’ एवढेच अक्षर आहे. १८८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बचाव फेटाळले. बैठक, वेष, प्रकाश, भाव यांची जुळणी करणारा माणूस हाच कर्ता, आणि धनी कोण ते कळण्यापुरते नाव असले की पुरे, असा निर्णय झाला. तरीही सूचना न छापता चित्र प्रसिद्ध केल्यास हक्क गमावण्याचा धोका त्या देशात १९८९ पर्यंत होता. बऱ्याच लोकांची आजची अशी समजूत आहे की, मुद्रा नसलेले चित्र म्हणजे बेवारशी माल. ती समजूत या गेलेल्या काळाची सावली आहे.

आपल्या देशाचा १९५७ चा कायदा तसा नाही. चित्र निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी नको, मुद्राही नको. परंतु मुद्रेला तो कायदा एक मोलाचे काम देतो. चित्रावर कर्ता म्हणून ज्याचे नाव असेल, तोच कर्ता असे न्यायालयाने उलट पुरावा येईपर्यंत गृहीत धरावे, असे ५५ वे कलम सांगते. हक्क विकल्यानंतरही आपले कर्तेपण सांगण्याचा अधिकार ५७ व्या कलमाने राखला आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीने, अशी ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून व अधिकारावाचून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरविला आहे. म्हणजे कोपऱ्यातील लहानसे नाव कापणारा मनुष्य कापता कापता आपल्याविरुद्ध पुरावा निर्माण करतो. येथे एक सावधगिरीची सूचनाही केली पाहिजे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम धनी, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. तेव्हा लग्नाच्या चित्रावरील मुद्रा कर्तेपण सांगते. मालकी सांगतेच असे नाही.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मुद्रा नेहमी खरे बोलते काय? अमेरिकेतील यादवी युद्धात अँटीटमच्या रणभूमीवरील मृतांची चित्रे १८६२ मध्ये न्यूयॉर्कला मांडली गेली, ती मॅथ्यू ब्रॅडी याच्या नावाने. ती घेतली होती त्याच्या पदरच्या अलेक्झांडर गार्डनर व त्याच्या सहकाऱ्याने. गार्डनर पुढे वेगळा झाला, आणि १८६६ च्या आपल्या युद्धचित्रसंग्रहात त्याने निगेटिव्ह कोणी घेतली व प्रत कोणी छापली, अशी दोन्ही नावे चित्रागणिक छापली. दीनदयाळांनीही हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये जनाना चित्रशाळा उघडली; तिचा कारभार एका इंग्रज बाईंकडे होता, परंतु नाव पेढीचे. बडोद्यास उत्तरायुष्य घालविलेल्या होमाई व्यारावाला यांची आरंभीची चित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत असत. देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून पुढे त्यांचा गौरव झाला, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. परंतु अशी कितीतरी माणसे असतील, ज्यांचे नाव त्यांच्या चित्राला कधीच परत भेटले नाही. अलीकडे तर याहून विपरीत प्रकार घडला. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीने आपली चित्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाला लोकार्पण केली होती. त्यांतलेच एक स्वतःच्या पृष्ठावर वापरल्याबद्दल तिच्याकडेच १२० डॉलरची मागणी झाली. तिने २०१६ मध्ये दावा लावला, तेव्हा ती गोष्ट जगजाहीर झाली.

कोणी म्हणेल, आता यंत्रेच इतकी सुधारली आहेत की, पक्की मुद्रा उमटविता येईल. अनुभव उलट आहे. एकच मुद्रा हजारो चित्रांवर तशीच उमटविली, तर त्या चित्रांची तुलना करून यंत्र मुद्रेचा आकार शोधून काढते आणि ती बेमालूम पुसते, हे गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. उपाय म्हणून त्यांनी सुचविले की, मुद्रा प्रत्येक चित्रावर किंचित निराळी असावी. चित्राच्या फाइलीत नाव, तारीख ही माहिती अदृश्य रूपाने साठविता येते खरी. परंतु चित्र इंटरनेटवर चढविताना अनेक ठिकाणी ती गळून पडते.

मग करावे काय? माझ्या मते मुद्रा अवश्य घालावी, पण ती पत्ता म्हणून घालावी, कुलूप म्हणून नव्हे. खालच्या कडेला, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत नाव, वर्ष आणि क्रमांक घालावा, आणि तो क्रमांक आपल्या वहीत नोंदवावा. फाइलीच्या पोटातही हीच माहिती भरावी. लोकांपुढे लहान आकाराचे चित्र ठेवावे. मूळ मोठी फाइल हाच खरा पुरावा, ती कोणाला देऊ नये व हरवू नये. गिऱ्हाइकाला निवडीसाठी पाठविलेल्या नमुन्यावर आडवी मोठी मुद्रा मारण्यास हरकत नाही. तो नमुनाच आहे. परंतु पूर, मोर्चा, पडत चाललेला वाडा, बंद पडलेली जत्रा अशा, उद्या साक्ष म्हणून लागणाऱ्या चित्राच्या मधोमध नाव मारणे हा त्या साक्षीचाच अपमान होय. आणि पेढी असेल तर पेढीच्या नावाशेजारी प्रत्यक्ष कॅमेरा धरणाऱ्याचेही नाव असावे.

आपल्या घरोघरी पूर्वजांची पिवळी पडलेली चित्रे पेटीत पडून आहेत. त्यांतील कित्येकांच्या मागे नाव नाही, साल नाही, गाव नाही. ती कोणी चोरली म्हणून मुकी झाली नाहीत. कोणी लिहून ठेवले नाही म्हणून झाली. आज एका दिवसात जेवढी चित्रे काढली जातात, तेवढी दीनदयाळांच्या पेढ्यांनी सर्व आयुष्यात काढली नसतील. ती सारी उद्या मुकी होऊ नयेत, याची तजवीज कडेच्या एका ओळीने होत असेल, तर तेवढी जागा त्या ओळीला देण्यास चित्रकलेची ना असू नये.