शेवटची पंगत

पहाटेचे साडेचार. साल 1973, महिना जुलै, वार बुधवार. लालबागमधल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याला टेकून तुम्ही उभे आहात. पाऊस रात्रभर लागून राहिलाय. नळाला पाणी आलंय, त्यामुळे अख्खी चाळ जागी आहे. हंडे, कळशा, डालड्याचे रिकामे डबे रांगेत लागलेत आणि कुणाची कळशी कुणाच्या पुढे होती यावरून आजचं पहिलं भांडण सुरू झालंय.

तुम्ही इथं चव शोधायला आलात. लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली, मालवणी थाळीवाल्या हॉटेलात कधीच न सापडलेली. चव मिळेल, पण आयती नाही. इथं फुकट उभं राहणाऱ्याला काम लावतात. हातात दोन रिकाम्या बाटल्या आणि दुधाचं कार्ड येतं. "जावा, लायनीत उभे रवा."

दुधाच्या केंद्रावर माणसांच्या आधी दगड, पिशव्या आणि एक फुटकी बादली रांगेत उभी आहे. प्रत्येक वस्तूला मालक आहे आणि ती जागा सगळ्यांना मान्य आहे. मुंबईतल्या म्हशींचे गोठे शहराबाहेर काढून 1949 साली गोरेगावला आरे वसाहत वसवली, तिथलं हे दूध. काचेची अर्ध्या लिटरची बाटली, वर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही, आणि रिकामी फुटली तर घरी जाऊन काय सांगायचं हा प्रश्न प्रत्येक पोराला पडतो. झाकणाला आतून चिकटलेली साय चाटायचा हक्क मात्र रांगेत उभं राहणाऱ्याचाच. चाटून बघा. आजच्या दिवसातलं दूध तुम्हाला एवढंच मिळणार आहे, बाकीचं चहात जाईल.

परत येता तोवर खोलीत स्टोव्ह भरभरतोय. खोली दहा बाय बाराची. कोपऱ्यात मोरी, तिच्या वर फळी, फळीवर पितळेचे डबे उतरत्या भाजणीत. या खोलीत नवरा, बायको, तीन मुलं आणि गावाकडून नोकरी शोधायला आलेला एक पुतण्या राहतो. शिवाय चौदा गिरणी कामगार इथं जेवतात. ही खानावळ आहे. दारावर पाटी नाही, कारण पाटीची गरज नाही. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून बायकामुलांना गावी ठेवून आलेले हे पुरुष एका गाळ्यात पाळीपाळीने झोपतात आणि महिन्याच्या बोलीवर कुणाच्या तरी खोलीत जेवतात. त्यांच्या बायका त्यांच्यासाठी रांधत नाहीत, त्या गावी शेत बघतात. त्यांच्यासाठी रांधते ती ही बाई. सगळे तिला मावशी म्हणतात. वयाने मोठा असलेला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादमसुद्धा.

गिरणीचा भोंगा होतो. इथलं जेवण भुकेच्या नाही, भोंग्याच्या वेळेवर चालतं. पहिली पाळी सकाळी सातची, ती साडेतीनला सुटते. दुसरी साडेतीन ते मध्यरात्र. तिसरी मध्यरात्र ते सकाळी सात. चौदातले सहाजण पहिल्या पाळीचे, पाच दुसऱ्या, तीन तिसऱ्या. म्हणजे एकाच चुलीला तीन सकाळी आणि तीन रात्री. सहा डबे भरून गेले की रात्रपाळीचे तिघे लाल डोळ्यांनी येतात, चहात पाव बुडवून खातात आणि गाळ्यात जाऊन, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गरम वळकटीवर आडवे होतात.

आता पाट्यावर बसा. दोन नारळांचं खोबरं समोर आहे. थोडं ओलं, थोडं भाजलेलं. वरवंटा दोन्ही हातांनी पुढे लोटायचा, अंगाचा भार त्यावर टाकायचा, मागे ओढताना भार सोडायचा. पाच मिनिटांत खांदा बोलायला लागतो. वाटण जाडसर राहिलं तर कालवण फुटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. मावशी बोटांच्या चिमटीत वाटण चोळून बघते. "अजून." पुन्हा बघते. "अजून वायच."

मसाला मे महिन्यातच झालाय. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल आणि आणखी कितीतरी जिन्नस गॅलरीत उन्हात वाळले, तव्यावर एकेक करून भाजले गेले आणि मग लालबागच्या मसाला गल्लीत डंकाखाली कुटले गेले. त्या दिवसांत गल्लीतून जाणारा प्रत्येकजण शिंकत जातो. बरणीच्या तोंडाशी हिंगाचा खडा ठेवून, फडकं बांधून मसाला वर्षभरासाठी ठेवलाय. तुम्ही शोधत होतात त्या चवीचा अर्धा भाग या बरणीत आहे आणि अर्धा तुमच्या दुखऱ्या खांद्यात. यंत्रात वाटण भर्रकन फिरतं आणि गरम होतं. पाट्यावर ते हळूहळू चेचलं जातं आणि खोबऱ्याचं तेल त्यातच मुरतं. एवढी साधी गोष्ट आहे. फक्त ती रोज, दोन वेळा, कुणीतरी करायला हवी.

दहा वाजता रेशनच्या दुकानासमोर. कार्ड, पिशव्या, रॉकेलचा डबा. मोठ्या माणसाचा पूर्ण वाटा, लहान मुलाचा अर्धा. चौदा जेवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव या कार्डावर नाही, म्हणून वरचा तांदूळ आणि वरचं रॉकेल जास्त पैसे मोजून मागच्या दाराने आणावं लागतं, नाहीतर कोळशाची शेगडी पेटवावी लागते. रांगेतल्या बायका भावाबद्दल बोलताहेत. गेल्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यामागे हातात लाटणं घेऊन, थाळ्या बडवत बायका निघाल्या. रांगेतली एक त्या मोर्चाला गेली होती. "थाळी चेपली माझी," ती सांगते, "पण मंत्र्याला आवाज गेला." सगळ्या हसतात. चेपलेली थाळी ती अजून वापरते. नवी कोण घेणार?

दुपारी गॅलरीत सुपं निघतात. तांदळातले खडे, गव्हातली माती, कुठलंसं काळं बी. निवडताना बोटं चालतात आणि तोंडंही. कुणाची सून, कुणाचा बदली कामगार नवरा, ज्याला या महिन्यात दहाच दिवस काम मिळालं. तुम्हाला एक सूप मिळतं. मूठभर तांदळात सात खडे सापडले की तुमची मान आपोआप आणखी खाली जाते.

पावणेचार. पहिली पंगत. हात धुऊन बसा.

जर्मनच्या ताटात भात, बाजूला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. पावसाळ्यात होड्या बंद. समुद्र नारळी पौर्णिमेला उघडतो, तोवर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेलं सुकं. बोंबलाचे तुकडे मोजून दोन, बटाटे त्याहून जास्त, आमसुलं तीन-चार. रस्सा पातळ आहे. वाटण चौदाजणांना पुरवायचं म्हणजे त्यात पाणी वाढतंच. पहिल्या घासाला तुम्ही जरा हिरमुसता. भाताला रेशनच्या गोणीचा वास आहे. दुसऱ्या घासाला मसाला जिभेच्या मागच्या बाजूला पोचतो. चौथ्या-पाचव्याला बोंबलाचा उग्र खारटपणा, खोबऱ्याचा गोडवा आणि आमसुलाचा आंबटपणा एकमेकांत असे बसतात, की बोलणं थांबतं. पहाटे साडेचारपासून तुम्ही चहा आणि पावावर आहात, हेही विसरू नका. भूक हा त्या काळच्या सगळ्या पाककृतींमधला न लिहिलेला जिन्नस आहे.

शेजारी बसलेला माणदेशचा. त्याला बोंबील अजूनही पुरता मानवत नाही. "मावशी, आमच्याकडचं पिठलं करा की एक दिवस." त्याच्या गावाला लागोपाठ काही वर्षं पाऊस नव्हता. बायको आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. घरी रेशनवर आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना कामावर मिळणारी सुकडी. तो हे सगळं भाकरी मोडता मोडता, तक्रार न करता सांगतो. मग ताटातला दुसरा बोंबील काठाशी सरकवतो आणि शेवटपर्यंत राखून ठेवतो. मावशी न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकते. वहीत ती लिहिली जात नाही.

वही भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. मावशीला लिहिता येत नाही. सातवीतली मुलगी पेन्सिलीने खुणा करते: कोण जेवला, कोणी खाडा केला, कोणाचा पाहुणा आला. पगार झाला की पैसे येतात. पगार होईपर्यंत वाणी उधार देतो आणि वाणी थांबेना झाला की व्याजाने पैसे देणारा येतो. मंगळसूत्र वर्षातून दोनदा त्याच्याकडे राहायला जातं. तुम्ही आत्ता जे जेवलात, ते त्याच्या पैशाने शिजलंय.

संध्याकाळी मुलं वाटीभर मुरमुरे आणि शेंगदाण्यांवरून भांडतात. आठ वाजता शेजारच्या रेडिओवर बिनाका गीतमाला सुरू होते आणि अमीन सायानींच्या आवाजाभोवती अर्धी चाळ गोळा होते. मुलांच्या पंगतीत नवऱ्याचं ताट. मुलाला बोंबलाचा मोठा तुकडा, मुलीला छोटा. तो का छोटा हे कुणी विचारत नाही, मुलगीसुद्धा. साडेदहाला रात्रपाळीचे तिघे जेवून जातात. मग पातेलं फडक्याने झाकून ठेवलं जातं, कारण दुसरी पाळी सुटायची आहे.

साडेबारा. भिजलेले पाचजण येतात. झोपलेल्या मुलांच्या पायांमधून वाट काढत भिंतीला टेकून बसतात, हळू आवाजात बोलतात. कालवण पुन्हा गरम होतं, त्यात आणखी एक भांडं पाणी जातं. ते जेवतात, हात धुतात, "येतो मावशी" म्हणून जातात.

आता थांबा. एवढ्यावर आठवणी संपतात. चाळीतल्या जेवणावर आजवर जे काही तुम्ही ऐकलंत, ते ताटावर बसलेल्या माणसांनी सांगितलेलं होतं. ती माणसं आता झोपली. तुम्ही मात्र जागे राहा आणि मावशी काय जेवते ते बघा.

तळाची खरवड. पातेल्याला पुसून घेतलेला रस्सा. बोंबील नाही. सकाळची एक भाकरी उरली होती ती कडक झालीय, ती रश्शात मोडून घालते. पाट घेत नाही, मोरीच्या कडेला उकिडवी बसते आणि चार मिनिटांत उरकते. तुम्ही न राहवून म्हणता, "मावशी, तुमच्यासाठी एक तुकडा बाजूला काढायचा ना." ती हसते. "माका खय आवडता बोंबील." मसाला भाजताना, आमसूल टाकताना, शेवटी झाकण उघडून वास घेताना तिचा चेहरा तुम्ही दिवसभर बघितलाय. ती खोटं बोलतेय. तीन तासांनी नळाला पाणी येईल.

दोन वर्षं पुढे या, 1975. गोवा मुक्तिलढ्यात लढलेल्या प्रेमा पुरव याच गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढतात. घरात बसून माणसं जेवू घालणं हा धंदा आहे, त्याला भांडवल लागतं आणि ते सरकारी बँकेने द्यायला हवं, हे त्यांचं म्हणणं. बँका 1969 साली राष्ट्रीयीकृत झालेल्याच होत्या, पण त्यांच्या दारात पाट्यावर वाटण वाटणारी बाई कुणी पाहिली नव्हती. आता अंगठे उठतात, कर्जं मिळतात, सावकाराकडे जाणारं व्याज घरात राहायला लागतं. ज्याला सगळे माया म्हणत होते त्याला कष्ट म्हणून किंमत मिळाली, आणि त्यामुळे माया कमी झाली असं कुणाही जेवणाऱ्याने म्हटलं नाही.

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर जातात. भोंगे थांबतात, पगार थांबतो, वहीतल्या खुणा मात्र चालू राहतात. पुष्कळ बायकांनी उधारीवर जेवू घातलं, जमेल तितके दिवस. नंतर माणसं गावी गेली. काहींनी मनिऑर्डरने पैसे धाडले. काहींकडे धाडायला काही उरलंच नाही. वह्यांमधली ती बाकी कुठल्याच इतिहासात मिळवलेली नाही.

तुम्ही आता परत निघालात. मालवणी मसाल्याची कृती सोबत न्या, पाट्यावर वाटण करून बघा, बोंबील आगोटीलाच भरा. चव येईल, बरीचशी येईल. पण घरात सत्तर-ऐंशीची आई, मावशी, आत्या, कुणी असेल तर "तुझ्या हातची ती चव आता नाही" असं म्हणून उठू नका. तिला विचारा, "सगळ्यांचं झाल्यावर तू काय जेवायचीस?"

ती आधी हसेल. "काय असायचं, तेच की," असं म्हणून विषय बदलेल. तेव्हा हटून बसा आणि पदार्थाचं नाव विचारा. आवडायचं काय, ताटात यायचं काय, दोन्ही विचारा. आणि जे आवडायचं ते येत्या बुधवारी करा, पहिलं ताट तिला वाढा आणि ती जेवेपर्यंत बाकीच्यांना थांबवून ठेवा.