आड, पोहरा आणि मुखदुर्गंधी

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही म्हण आपण एरवी बुद्धीविषयी वापरतो. मुखदुर्गंधीचा विचार करतानाही आपल्या मनात हेच चित्र असते: पोट हा आड, तोंड हा पोहरा. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरीला काय किंवा वसमतला काय, 'पोट साफ नाही' हे निदान घरातील वडीलधारे वैद्याआधीच करतात आणि त्रिफळा चूर्ण हाती देतात.

ही समजूत केवळ आपली नव्हे. आतड्यात साचलेले विष अंगभर पसरते, हा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात गाजला. पुढे लंडनचे शल्यवैद्य आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठावर उपाय म्हणून मोठे आतडेच काढीत.

आपल्या ग्रंथांचा साक्षीपुरावा मात्र निराळा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, जीभ खरवडण्यासाठी सोने, रुपे, तांबे आदी धातूंची साधने सांगितली आहेत. कारण, जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी आणतो. उलट अष्टांगहृदय अजीर्णाच्या रोग्याला दातवण वर्ज्य मानते. म्हणजे ज्याचे पोट बिघडले त्याचे तोंडही अस्वच्छ राहणार. मग वास कशाचा, हे ओळखावे कसे?

आजचे वैद्यक चरकाच्या बाजूने झुकते. दहांपैकी आठ-नऊ रुग्णांत दुर्गंधीचा उगम तोंडातच असतो. जिभेच्या मागील भागावरचे आणि हिरड्यांच्या फटींतले जंतू प्रथिने कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. अन्ननलिका एरवी मिटलेली असल्याने जठरातील वास सहसा वर येत नाही. तरी पोट सर्वस्वी निर्दोष नाही. आम्ल वर उलटणे, अन्ननलिकेच्या तोंडाशी पिशवी होऊन अन्न अडकणे, ही कारणे क्वचित आढळतात. मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ साली शोधलेल्या, २००५ चे नोबेल मिळवून देणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूचाही संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण तो निर्विवाद नाही.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. चूर्णावर वर्षे जातात आणि मशेरीने काळवंडलेल्या दातांमागे हिरड्या सडत राहतात. संकोचाने माणूस चारचौघांत बोलेनासा होतो, आणि त्याला कोणी सांगतही नाही. म्हणून आम्हांस वाटते, आधी जीभ आणि हिरड्या दंतवैद्याला दाखवाव्यात. तेथे काही न सापडल्यास मग पोटाची चौकशी करावी. आडात डोकावण्याआधी पोहरा घासून पाहिलेला बरा.