बैलजोडी, हत्ती आणि मतपेटी

माझी आजी सोलापूरच्या गिरणीत कामाला होती. अक्षराशी तिची कधी ओळख झाली नाही, पण १९५२ साली आपण हत्तीला मत दिलं हे ती शेवटपर्यंत ठासून सांगायची. उमेदवार होते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज, आणि ते निवडूनही आले. सोलापूर मतदारसंघातून तेव्हा दोन खासदार जायचे. दुसरे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. आजीच्या बोलण्यात ही नावं नंतर यायची, आधी हत्ती.

त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर ना नाव होतं, ना चित्र. चित्र होतं पेटीवर. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने आडोशाला जाऊन आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद सोडायचा. अशा लाखो पोलादी पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतदार १७ कोटींच्या वर आणि १९५१च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के.

‘चिन्हं म्हणजे अडाण्यांची सोय’ असं शिकलेली माणसं सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. चित्र नसतं तर आजीला मुकादमाला विचारावं लागलं असतं, ‘साहेब, यातलं आमचं नाव कोणतं?’ तिथेच तिचं मत मुकादमाचं झालं असतं. हत्तीमुळे ती एकटी आत गेली आणि कुणालाही न विचारता बाहेर आली. गुप्त मतदानाचा हक्क तिच्या हाती खऱ्या अर्थाने पडला तो त्या चित्रामुळे.

अमेरिकेतल्या गाढवाचा आणि हत्तीचा उगम निराळा. अँड्र्यू जॅक्सनला १८२८च्या प्रचारात विरोधकांनी गाढव म्हणून हिणवलं होतं. पुढे थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त १८७० साली डेमोक्रॅट समर्थक वृत्तपत्रांसाठी गाढव आणि १८७४ साली रिपब्लिकन मतांसाठी हत्ती काढला, आणि ती चित्रं पक्षांना कायमची चिकटली. ते प्राणी टिंगलीतून आले. आपल्याकडचे मतदाराच्या गरजेतून आले.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यासाठी दंडक घालून दिला होता. चिन्ह मतदाराला पाहताक्षणी ओळखता आलं पाहिजे, पण त्याला धर्माचा किंवा भावनेचा स्पर्श नको. म्हणून गाय नाही, देऊळ नाही, राष्ट्रध्वज नाही, चरखाही नाही. काँग्रेसला जू घातलेली बैलजोडी मिळाली, हिंदू महासभेला घोडेस्वार, फॉरवर्ड ब्लॉकच्या मार्क्सवादी गटाला सिंह. याच पक्षाच्या नागपूरकडच्या रुईकर गटाकडे होता माणसाचा पंजा.

बैलजोडीचं बळ मी स्वतः पाहिलंय. वडिलांचं गाव सांगोल्याकडचं, खिलार जनावरांचा मुलूख. निवडणुकीत कुणाची तरी देखणी जोडी बेंदराला सजवावी तशी सजवून गावभर फिरवायचे. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा. पुढे हलगी, मागे पोरं. भाषण कुणी ऐको न ऐको, बैल बघायला सगळं गाव बाहेर यायचं. म्हातारी माणसं दात बघायची, वशिंडावरून हात फिरवायची, किमतीचा अंदाज बांधायची. ज्या घरात बैल नव्हते त्या घरालाही बैल हवेच होते. काँग्रेसला एवढं मोठं देणं दुसऱ्या कुठल्याच चित्राने दिलं नसतं असं माझं मत आहे.

१९६९ला काँग्रेस फुटली आणि जोडीवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, चिन्ह गोठलं. १९७१च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला मिळालं गायवासरू. वीस वर्षांपूर्वी जी गाय दंडकाने बाहेर ठेवली होती, तीच आता मतपत्रिकेवर आली! विरोधकांनी हरकत घेतली, निवडणूक याचिकांतही हा मुद्दा निघाला, पण चिन्ह टिकलं. माझ्या मते ती हरकत रास्त होती. तोवर पेट्यांची पद्धत जाऊन एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली होती. मी तेव्हा नवा शिक्षक, मतदान केंद्रावर ड्यूटीला. एक म्हातारी शिक्का हातात घेऊन आडोशामागून बाहेर आली आणि कळवळून म्हणाली, ‘गुरुजी, गाईच्या अंगावर कसा मारू ह्यो?’ आम्ही तिला चित्राशेजारची मोकळी जागा दाखवली. पण तिचं मत कुणाला, हे तोवर अख्ख्या खोलीला कळलं होतं. १९७७ला याच चित्राचं ओझं झालं. गाय म्हणजे इंदिराबाई आणि वासरू म्हणजे त्यांचा मुलगा संजय, असा अर्थ विरोधकांनी घरोघर नेला. पुढच्याच वर्षी पक्ष पुन्हा फुटला आणि बाईंनी पंजा घेतला.

हा पंजा त्याआधी गोव्यातही होता. तिथल्या १९६३च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सचा पंजा आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह समोरासमोर आले. सिंह जिंकला. १९६७च्या जनमत कौलात मात्र पक्षांची चिन्हंच नव्हती. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पानं. ज्या गोव्याने सिंहाला सत्ता दिली होती, त्यानेच ३४ हजार मतांच्या फरकाने पानं निवडली.

आजीचा हत्ती फेडरेशनच्या जागी आलेल्या भारतीय रिपब्लिकन पक्षाकडे आला आणि तिथल्या फाटाफुटीत हातचा गेला. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना ज्यांनी बाबासाहेब आंबेडकर वाचले, त्या कांशीराम यांनी १९८४ साली बहुजन समाज पक्ष काढला. हत्ती पुढे त्या पक्षाकडे आला आणि उत्तर प्रदेशात सत्तेपर्यंत गेला. महाराष्ट्रात सुरू झालेली गोष्ट महाराष्ट्राबाहेर फळाला आली, याची खंत मला आहे.

तामिळनाडूत १९८९ला अण्णा द्रमुकच्या दोन गटांत जयललितांचा कोंबडा आणि जानकी रामचंद्रन यांची कबुतरांची जोडी एकमेकांविरुद्ध उभी होती. पण प्रचारात जिवंत प्राणी-पक्षी फिरवताना त्यांचे हाल होत, तक्रारी वाढल्या, आणि १९९१पासून आयोगाने नवी प्राणिचिन्हं देणं बंद केलं. तो निर्णय योग्यच होता. हलगीच्या दणक्यात बुजलेला बैल मी पाहिलेला आहे. आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेल्या घरगुती वस्तू त्यानंतर यादीत उरल्या. शिवसेनेचा वाघ फलकांवर गाजला तरी तिचं आरक्षित चिन्ह धनुष्यबाण होतं, त्यामुळे तिला या बंदीची झळ लागली नाही. आधीपासून राखीव असलेली हत्ती आणि सिंह यांसारखी चिन्हं तेवढी राहिली. मगोपचा सिंह अजून निवडणुका लढवतो. आसामात हत्ती असम गण परिषदेचा आहे, म्हणून बसपाला तिथे दुसरं चिन्ह घेऊन उभं राहावं लागतं.