लहान मूल्याच्या जुन्या भारतीय नोटांचा संग्रह

लहान मूल्याच्या जुन्या भारतीय नोटांचा संग्रह ही चलनी नोटांच्या संग्रहाची एक शाखा आहे. एक रुपया, दोन रुपये आणि अडीच रुपये या मूल्यांच्या ब्रिटिशकालीन नोटा, संस्थानांच्या लहान नोटा व नाण्यांऐवजी काढलेली कूपने, तसेच पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील टांगांच्या नोटा यांचा तीत समावेश होतो. मोठ्या रकमेच्या नोटा तिजोरीत राहिल्या. लहान नोटा बाजारात, कनवटीला आणि घामेजल्या हातांत फिरून झिजल्या. त्यामुळे मूळ किंमत अल्प असूनही त्यांतील काही नोटा चांगल्या स्थितीत मिळणे अत्यंत कठीण आहे.

पार्श्वभूमी

लहान मूल्याचा कागद बहुधा धातूच्या टंचाईतून जन्मतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात सोन्याचांदीची नाणी लोकांनी दडवून ठेवल्यामुळे सुटे पैसे नाहीसे झाले आणि टपाल तिकिटेच नाण्यांसारखी फिरू लागली. १८६२ मध्ये तेथील सरकारने तिकिटांची चित्रे असलेल्या लहान नोटा काढल्या. पुढे १८७६ पर्यंत ३ ते ५० सेंटपर्यंतच्या नोटा निघत राहिल्या. त्यांतील ५ सेंटच्या एका नोटेवर स्पेन्सर क्लार्क या अधिकाऱ्याने स्वतःचेच चित्र छापले. त्यावरून गदारोळ झाला आणि हयात व्यक्तीचे चित्र चलनावर छापण्यास कायद्याने बंदी आली. अमेरिकी संग्राहकांत हे चलन आजही लोकप्रिय आहे.

भारतात हीच वेळ पहिल्या महायुद्धात आली. चांदीचा भाव वाढून रुपयातील धातूची किंमत त्याच्या दर्शनी किमतीच्या पुढे जाऊ लागली. रुपया चलनात ठेवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरू लागले. तोवर सरकारची सर्वात लहान नोट पाच रुपयांची होती. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट चलनात आली आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांची नोट निघाली. तरीही १९१८ च्या वसंतात युद्धाच्या प्रतिकूल बातम्यांनी मुंबईच्या चलन कार्यालयात नोटा देऊन चांदी मागणाऱ्यांची झुंबड उडाली. नोटेवरील ‘मागताक्षणी देण्याचे’ वचन पाळता येईल की नाही, असा प्रसंग उभा राहिला. अखेर अमेरिकेने एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतील बहुतांश चांदी ब्रिटनमार्फत भारताच्या वाट्याला आली.

अडीच रुपयांची नोट

या शाखेतील सर्वाधिक मागणी असलेली नोट हीच. पावकी, निमकी, अडीचकी पाठ केलेल्या पिढीला अडीच ही रक्कम मुळीच चमत्कारिक वाटली नसावी; ती चमत्कारिक वाटते ती दशमान पद्धतीत वाढलेल्या आजच्या वाचकाला. नोटेवर पंचम जॉर्ज यांचे चित्र आणि एम. एम. एस. गब्बे यांची सही आहे. क्रमांकाआधीच्या अक्षरावरून चलन मंडळ कळते : ‘बी’ म्हणजे मुंबई, ‘सी’ कलकत्ता, ‘के’ कराची, ‘एल’ लाहोर, ‘एम’ मद्रास, ‘आर’ रंगून आणि ‘ए’ कानपूर. सातही अक्षरे जमवणे हे अनेक संग्राहकांचे ध्येय असते.

एक रुपयाच्या पहिल्या नोटेवर चांदीच्या रुपयाचेच चित्र आहे. कागदाने आपण नाण्याचे प्रतिनिधी आहोत हे इतक्या उघडपणे सांगावे लागले, यातच त्या काळचा अविश्वास दिसतो. या नोटा २५ च्या पुस्तिकांत मिळत. त्यामुळे डाव्या कडेला छिद्रांची फाटरेषा आढळते. ती कापून कड सरळ केलेली नोट कमी दर्जाची मानली जाते. तिच्यावर गब्बे यांच्यानंतर ए. सी. मॅकवॉटर्स आणि एच. डेनिंग यांच्याही सह्या आहेत. छपाईचा खर्च परवडेना म्हणून १ जानेवारी १९२६ पासून दोन्ही मूल्ये बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा महागली. १९४० मध्ये १९३५ सालची तारीख असलेली एक रुपयाची नोट बाहेर आली व तिला कायद्याने नाण्याचाच दर्जा मिळाला. म्हणूनच एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, तर अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते आणि रक्कम देण्याचे वचन नसते. दोन रुपयांची नोट १९४३ मध्ये आली. फाळणीनंतर नाशिकच्या छापखान्यात भारतीय नोटांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे छापून त्या पाकिस्तानसाठी पाठवल्या गेल्या. त्यांत एक व दोन रुपयांच्या नोटाही होत्या.

संस्थाने आणि गोवा

मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९१८ च्या कायद्यानंतर उस्मानिया शिक्क्याच्या नोटा निघाल्या. १९१९ मध्ये एक रुपयाची नोट आली. उर्दू, तेलुगू व कन्नडबरोबर मराठी मजकूर असल्याने या नोटांना महाराष्ट्रात विशेष मागणी आहे. १९२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘इजिप्त’ हे जहाज बुडाले. त्यातील सोने काढताना हैदराबादच्या सह्या न झालेल्या नोटाही वर आल्या. पाण्याचे डाग हा एरवी दोष. या नोटांच्या बाबतीत मात्र तोच अस्सलपणाचा पुरावा ठरतो.

मोरवी, जुनागड, नवानगर आदी संस्थानांनी दुसऱ्या महायुद्धात पैसे व आण्यांची कूपने काढली. गोव्यात तर १९१७ मध्येच बांको नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेने चार टांगा, आठ टांगा, एक रुपिया आणि अडीच रुपियांच्या नोटा आणल्या. सोळा टांगांचा एक रुपिया होत असल्याने चार टांगांची नोट म्हणजे चार आण्यांचा कागद. अमेरिकी सेंटांच्या नोटांशी खरे नाते सांगणारी ही नोट महाराष्ट्राच्या सीमेलगत चालत होती.

जतन व पारख

नोटेची किंमत मुख्यतः स्थितीवर ठरते. घड्या, टाचणीची भोके, गंज आणि शाईचे आकडे यांमुळे ती घटते. भारतात गड्ड्यांना टाचण्याची रीत होती. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ती बंद करण्याचा आदेश दिला. त्यामुळे जुन्या भारतीय नोटेवरील दोन बारीक भोके फारशी आक्षेपार्ह मानली जात नाहीत. धुऊन व इस्त्री करून ‘कोरी’ म्हणून विकलेली नोट मात्र फसवणूकच होय : कागदाचा करकरीतपणा गेलेला असतो आणि छपाईचा उठाव सपाट झालेला असतो. पीव्हीसीच्या पाकिटांतून झिरपणारे रसायन कागद खराब करते, म्हणून पॉलिस्टरची पाकिटे वापरतात. फाटलेली नोट चिकटपट्टीने जोडू नये. पट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो व काढता येत नाही.

किशोर झुनझुनवाला व रिझवान रझाक यांचा इंग्रजी संदर्भग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. मुंबईत फोर्ट भागातील रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात भारतीय कागदी चलन पाहता येते.